नव्या जुळ्याचा चष्मा

काका प्रयोगशाळेच्या तळघरात काचेच्या नळ्या ज्वाळेत तापवून उपकरणं घडवायचे. आणि घडवायचे ती अशी, की बघणाऱ्यानं तोंडात बोट घालावं! पण अलीकडे त्यांचे हात थरथरायला लागले होते. साहेबांनी स्पष्टच सांगितलं होतं, "ही लांब नळी जोडून दाखवा. फुटली, तर उद्यापासून भांडारात बसा." भांडारात! त्यापेक्षा हात तुटले असते तरी काकांना परवडलं असतं.

"चष्मा घेतलात ना?" पुतणीनं विचारलं. ती वरच्या मजल्यावर रसायनशास्त्र शिकवायची आणि लांब नळी असली की बर्नरच्या पलीकडून धरायला खाली यायची.

"जेवण विसरेन गं, चष्मा नाही." जांभळट काचांचा तो चष्मा म्हणजे काकांचा जीव की प्राण. काच तापली की तिच्यातलं सोडियम असं पिवळं भडकतं, की पुढचं काही दिसत नाही. चष्मा लावला की पिवळं गायब! आतली मऊ झालेली काच लख्ख दिसते. "या काचेत मिसळलेला काय धातू आहे बुवा!"

"एक नाही, दोन आहेत. आधी सगळ्यांना एकच वाटला. लँथॅनम नावाच्या धातूच्या जोडीला सापडला, म्हणून ग्रीकमधलं नाव ठेवलं, जुळा. पुढे त्याच्यातूनच दोघं निघाले. प्रेसिओडायमियम म्हणजे हिरवा जुळा आणि निओडायमियम म्हणजे नवा जुळा. तुमच्या हेडफोनमधलं चुंबक, विजेच्या गाडीची मोटर, सगळीकडे हा नवा पठ्ठ्या."

"आणि इतकी वर्षं दडून बसला होता लेकाचा!" काका खूश झाले.

जोड निम्मा झाला आणि पुतणीला वरून हाक आली. "आलेच," म्हणत तिनं तिचं टोक टेकूवर ठेवलं आणि धावली. पण तापलेली काच कुणासाठी थांबते? थंडावली की तडकलीच. काकांनी दोन्ही टोकं एकट्यानं हातात घेतली. बोटं थरथरली. चिमटा घ्यायला हवा होता. सवयीनं ते म्हणाले, "धर," आणि पलीकडचं टोक सोडलं.

नळी पडली नाही.

ज्वाळेपलीकडे दोन हात होते. तीच रुंद नखं, तीच वाकडी करंगळी. फक्त काकांच्या डाव्या अंगठ्यावरचा भाजल्याचा जुना डाग तिथे नव्हता. काकांनी चष्मा वर सरकवला. नुसता पिवळा भडका. चष्मा खाली घेतला, तर हात तिथेच.

घाबरायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर काकांना भारी कौतुक वाटलं. काय हात होते! जराही हलत नव्हते. काका नळी फिरवतील तसे, त्याच लयीत फिरत होते. पोरवयात आपले हात असेच होते, या आठवणीनं काकांचे डोळे भरून आले.

पुतणी परतली तेव्हा नळी टेकूवर निवत होती. "एकट्यानं केलंत? जोड कुठाय तेसुद्धा कळत नाही!"

तिनं चहा दिला. काकांच्या हातात कप हलला नाही. दोघंही कपाकडे बघत राहिले.

"काका, अंगठ्यावरचा डाग कुठे गेला?"

कातडी गुळगुळीत होती.

बर्नर अजून जळत होता. काकांनी सावकाश चष्मा लावला.

पलीकडे दोन रिकामे हात हवेत काहीतरी चाचपडत होते. डाव्या अंगठ्यावर डाग होता. हात थरथरत होते.

आणि ज्वाळेच्या सूं-सूं आवाजातून काकांच्याच आवाजात कुणीतरी हळूच म्हणालं, "धर."