धुक्यात टणटण कुठे वाजली?

टण्... टण्...

शलाकाला आधी वाटलं, हा आवाज गोष्टीतलाच आहे.

रात्रीचे तीन वाजले होते. डिझेल दुर्मिळ झाल्यापासून मालवाहतूक पुन्हा शिडांवर आली होती. रत्नागिरीहून आंब्याच्या पेट्या घेऊन निघालेली ‘समीरा’ दाट धुक्यातून हळूहळू सरकत होती. कप्तान विजूआत्या खाली झोपली होती आणि बारा वर्षांची शलाका आयुष्यातला पहिला पहारा देत होती. डोळा लागू नये म्हणून तिने उजव्या कानात इअरफोन घालून गोष्ट लावली होती. डावा कान समुद्रासाठी मोकळा ठेवायचा, असं आत्याने बजावलं होतं.

तिने गोष्ट थांबवली. टणटण चालूच राहिली. कुणीतरी पातेल्यावर पळी आपटत होतं!

"टिटवी, ऐकलंस?"

टिटवी म्हणजे सुकाणू सांभाळणारी यंत्रमानव. "ऐकलं. कुणीतरी मदत मागतंय. पण रडारवर (रेडिओलहरी सोडून वस्तूचा ठाव घेणाऱ्या यंत्रावर) काहीच नाही. लहान होडी लाटांच्या गर्दीत वेगळी उमटत नाही. आणि माझा मायक्रोफोन एकच, त्यामुळे दिशा सांगता येत नाही."

शलाकाच्या हाकेसरशी आत्या वर धावली. "मला नको विचारूस गं. माझा एक कान लहानपणीच गेला. आवाज येतो, पण कुठून ते उमगत नाही. तूच सांग."

"डावीकडून!"

बोट डावीकडे वळली. पाच मिनिटांत टणटण क्षीण झाली. शलाकाच्या सांगण्यावरून ते त्या माणसांपासून लांब चालले होते!

"शलाका," टिटवी म्हणाली, "तुझा उजवा कान बंद आहे."

इअरफोन अजून कानातच होता! तिने तो उपसून काढला. "पण डाव्याने ऐकू येतच होतं की."

"ऐकू येणं वेगळं, दिशा कळणं वेगळं. आवाज उजवीकडून आला, तर आधी कुठल्या कानात शिरेल?"

"उजव्या. मग डोक्याला वळसा घालून डाव्यात."

"बरोबर. पण आवाज सेकंदाला सुमारे तीनशे चाळीस मीटर धावतो, म्हणून हा उशीर फार तर सेकंदाच्या सतराशेव्या भागाइतका. शिवाय डोकं आड आल्याने पलीकडच्या कानात आवाज थोडा मंदही होतो. एवढ्याशा फरकावरून मेंदू दिशा ओळखतो. याला द्विकर्णी श्रवण (दोन्ही कानांची तुलना करून ऐकणं) म्हणतात. एक कान बंद झाला की तुलनाच संपली. मग प्रत्येक आवाज उघड्या कानाच्याच बाजूचा वाटतो."

"म्हणून मला डावीकडून वाटलं!"

"आता डोळे मिट आणि मान फिरव. दोन्ही कानांत आवाज सारखा आला की थांब."

"पण आवाज पाठीमागून आला तरी तो सारखाच येईल ना?"

"शाब्बास! मग मान थोडी उजवीकडे ने. डाव्या कानात आवाज वाढला तर तो समोरून येतोय, उजव्यात वाढला तर मागून."

आत्याने बोट वळवून पूर्वीच्या जागी आणली. शलाकाने श्वास रोखला. टण्... मान फिरली, थांबली, जराशी उजवीकडे गेली. डाव्या कानात आवाज वाढला! तिने झटकन समोर हात केला.

"तिकडे! सरळ तिकडे!"

दर दोन मिनिटांनी ती पुन्हा ऐकायची आणि टिटवी सुकाणू फिरवायची. टणटण मोठी होत गेली आणि अचानक धुक्यातून एक हेलकावणारी होडी पुढ्यात आली. तिचं इंजिन बंद पडलं होतं. आत थंडीने कुडकुडणारे दोघे कोळी होते, म्हातारे पांडूकाका आणि त्यांची लेक रखमा. पातेलं पार चेपलं होतं.

आत्याने दोर फेकला आणि दोघांना वर ओढून घेतलं. "शलाका, जिंकलीस गं!" असं ओरडत तिने भाचीला गरकन फिरवलं. टिटवीनेही भोंगा वाजवला.

गरम चहाचा घोट घेत रखमा म्हणाली, "आमच्यासारख्या किती होड्या अशा धुक्यात अडकतात! त्यांना कोण शोधणार?"

"टिटवी शोधेल," शलाका म्हणाली. "सगळ्या बोटींवरच्या टिटव्या शोधतील. प्रत्येकीला फक्त आणखी एक कान हवा."

पांडूकाका मात्र धुक्याकडेच बघत होते. "पोरी, एवढ्या धुक्यात तुला आम्ही दिसलो तरी कसे?"

"दिसलाच नाहीत काका," शलाका हसली. "ऐकू आलात!"