मामाची थाप

मी थापा मारत नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण ही गोष्टच एका थापेची आहे. पण ती थाप वेगळी.

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही बघा. मी दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. डोळ्यांना काय काय भास होतात ते मला चांगलं ठाऊक आहे. म्हणून हेही सांगते, की यात मी पाहिलं फार थोडं.

ऐकलं जास्त.

आणि ही गोष्ट रात्रीची नाही. असलं काही रात्रीच घडतं असं लोकांना उगाच वाटतं. हे घडलं गेल्या थंडीत, एका रविवारी सकाळी, टायरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये. चांगलं ऊन पडलं होतं. खाली रस्त्यावर कुणीतरी पाइप लावून गाडी धूत होतं.

हॉल माझ्या मामाचा. म्हणजे भाड्याचाच, पण सगळे त्याला सरांचा हॉल म्हणायचे. मामा ज्युदोचा चॅम्पियन होता, अख्ख्या देशाचा. मी त्याची सख्खी भाची, पण हॉलमध्ये पाय ठेवला की ‘सर’ आणि ‘तुम्ही’. चुकून ‘ए मामा’ निघालं तोंडातून, की सगळ्यांसमोर जोर काढायला लागायचे. घरी जाताना मग तोच विचारायचा, “दंड फार दुखतायत का गं?”

त्याचा डावा हात कोपरात सरळ होत नसे. एका फायनलमध्ये समोरच्यानं तो हात पकडीत घेतला होता. ज्युदोत अशा वेळी मोकळ्या हातानं दोनदा थाप द्यायची असते. मॅटवर द्या, नाहीतर समोरच्याच्या अंगावर द्या. थाप म्हणजे बास, हरलो, सोड. मामानं दिली नाही. हात मोडला, तरी दिली नाही. पेपरात फोटो आला. थाप न देणारा माणूस, असं खाली छापलं होतं.

लोक ते कौतुकानं सांगायचे. मामा मात्र नव्या पोरांपुढे तो वाकडा हात धरायचा आणि म्हणायचा, “हे बघा माझ्या अकलेचं प्रदर्शन. मेडल तो घेऊन गेला, मी हे घेऊन आलो.”

म्हणून त्याच्याकडे पहिले काही महिने डावबीव काही नाही. आधी पडायला शिकायचं. मग थाप द्यायला. मग थाप ऐकायला.

“थाप पडली की हात उघडायचे,” तो ओरडायचा. “खरंच दुखतंय का नाटक करतोय, ते तुम्ही ठरवायचं नाही. थाप पडली. संपलं. सोड!”

तो ‘सोड’ खालच्या टायरवाल्यालाही ऐकू जायचा.

आणखी एक त्याचं. मॅटवर येताना चपला काठाशी काढायच्या, त्यांची तोंडं दाराकडे करून. जाताना वळावं लागू नये. कुणाची चप्पल आत तोंड करून दिसली, की तो स्वतः वाकून ती फिरवून ठेवायचा. चॅम्पियन माणूस, पोरांच्या चपला सरळ करायचा.

मामी रोज तिथे असायची. कोपऱ्यातल्या बाकावर बसून फाटलेले ड्रेस शिवायची. ज्युदोचा ड्रेस जाड असतो, सुई मोडते. ती मॅटवर कधी आली नाही. “मला नको बाई तुमची ती कुस्ती,” म्हणायची. मामा म्हणायचा, “कुस्ती नाही गं, ज्युदो.” लग्न झाल्यापासून त्यांचं हेच चाललं होतं.

मग मामा आजारी पडला.

शेवटी फुप्फुसांनी साथ सोडली. घशात नळी घातली. बोलणं बंद. मामी त्याच्या उशाशी बसून राहिली, हात हातात घेऊन. आम्हा बाकीच्यांना काचेबाहेरून बघायला मिळायचं, तेही जरा वेळ.

डॉक्टरांनी तिला विचारलं होतं, की यंत्र चालू ठेवायचं का. मामी त्यांच्यावर उसळली. “अहो, तो माझ्या हातावर थोपटतोय. काळजी करू नको म्हणतोय मला. आणि तुम्ही हे काय विचारता?”

यंत्र चालू राहिलं. बरेच दिवस. मग एका दुपारी तो गेला.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मामी तेच सांगायची. बोलता येईना ना, तर थोपटायचा मला. लोक डोळे पुसायचे. मीही पुसले.

हॉल मी चालवायला घेतला. पोरं येत राहिली. मामीही येत राहिली, पण आता शिवायला नाही. मामाचा ड्रेस ती दर आठवड्याला धुवायची, इस्त्री करायची आणि त्याच्या खुंटीला आणून लावायची. त्याच्या चपला मॅटच्या काठाशी मांडायची. घरी ठेवतात तशा, तोंड आत करून. म्हणजे माणूस घरात आहे.

तिला मूल म्हणून एकच, माझी मामेबहीण. ती न्यायला यायची आणि हात हलवत परत जायची. मामी जेवेनाशी झाली होती. ब्लाउज अंगावर लोंबत होते. काही म्हटलं की म्हणायची, “मी गेले तर त्याच्यापाशी कोण? तो इथेच आहे.”

आम्हाला वाटायचं, दुःखानं बोलते.

पण मग चपला...

रोज सकाळी मी हॉल उघडला, की मामाच्या चपलांची तोंडं दाराकडे झालेली असायची.

पहिल्यांदा वाटलं, एखाद्या पोराचं काम. सवयच लावली होती ना त्यानं सगळ्यांना. मी मामीला काही बोलले नाही. ती आली की मुकाट्यानं त्या पुन्हा आत वळवायची. दुसऱ्या सकाळी पुन्हा दाराकडे.

किल्ली फक्त माझ्याकडे होती.

मग आवाज. मी केर काढत होते. मॅटवर, त्याच्या खुंटीखाली...

थप थप.

मी थांबले. खालच्या दुकानात टायर आपटत असतील, म्हटलं. वाकून खिडकीतून बघितलं.

दुकानाचं शटर बंद होतं.

मी घाबरट नाही. मला उलट बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? रडू आलं आणि बरं वाटलं. मामा आहे, असं वाटलं. मामीनंही तो आवाज ऐकला होता, माझ्या कितीतरी आधी. “थोपटतोय,” ती म्हणाली. त्या दिवशी तिच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांनी रंग आला होता.

मग आम्ही दोघी त्या आवाजासाठीच थांबायला लागलो. पोरं गेल्यावर चहा घेऊन बाकावर बसायचो. आला की एकमेकींकडे बघून हसायचो.

पण तो आवाज बदलत होता. आधी खणखणीत होता. मग जरा दबका झाला. मग घाईघाईनं यायला लागला. मग मंद...

आणि इस्त्री करून लावलेल्या ड्रेसची कॉलर चुरगळलेली असायची. दोन्ही बाजूंनी. मुठीत धरून पिळल्यासारखी.

तो रविवार. क्लासला सुट्टी होती. मी मॅट पुसायला आले होते. मामी ड्रेस घेऊन आली, नेहमीसारख्या मामाच्या चपला आत वळवल्या. तिनं तो खुंटीला लावला नाही. बाकावर बसली आणि ड्रेस छातीशी धरला, लहान मूल धरावं तसा. डोळे मिटून घेतले.

मी तिच्या हातांकडे बघितलं.

दोन्ही मुठींत कॉलर होती. घट्ट. बोटांची पेरं पांढरी पडली होती. गळा आवळण्याची पकड मामा आम्हाला अशीच शिकवायचा.

थप... थप.

मॅटवर. तिच्या पायांपाशी. अगदी हलकी.

“ऐकलंस?” मामी म्हणाली. “थोपटतोय.”

“मामी, दवाखान्यात कसा थोपटायचा गं तो? दाखव ना.”

तिनं एक मूठ सोडवली आणि माझ्या मनगटावर हात ठेवला. बोटं जुळलेली, तळवा सपाट. थप थप. थांबली. पुन्हा थप थप.

मायेनं थोपटणारा हात असा नसतो. तो जरा रेंगाळतो, ऊब देतो. हा हात मला माहीत होता. मी रोज तो पोरांना शिकवत होते.

जन्मात कधी न दिलेली थाप मामानं दवाखान्यात दिली होती. दिवसचे दिवस देत होता.

आणि अजून देतोय.

हे मामीला कसं सांगायचं? तिच्याकडे उरलं होतं काय? एवढंच, की जाता जाता त्यानं तिला धीर दिला. तेही मी काढून घ्यायचं? तिचा हात पुन्हा कॉलरवर गेला.

थप...

एकच. मी दुसरीची वाट बघितली.

आली नाही.

ज्यांनी ज्युदो केलाय त्यांना कळेल. थाप अर्धी राहिली, म्हणजे खालच्या माणसाची शुद्ध हरपतेय.

“मामी, सोड,” मी म्हणाले.

“काय?”

“ड्रेस. कॉलर सोड. तो थोपटत नाहीये गं...”

तिनं डोळे उघडले. माझ्याकडे बघत राहिली. आणि तिचा आवाज इतका साधा होता, की तो मला अजून झोपू देत नाही.

“मला काय कळत नव्हतं होय?” ती म्हणाली. “इतकी वर्षं या बाकावर बसले मी. पहिल्याच दिवशी कळलं मला. आख्ख्या जगाला दिली नाही ती थाप त्यानं मला दिली. आणि मी सगळ्यांना सांगत सुटले, थोपटतोय म्हणून. काय करू मग? सोडलं असतं तर गेला असता ना तो!”



हॉलमध्ये काहीच ऐकू येत नव्हतं. खालचा पाण्याचा आवाजही नाही. मॅट गप्प. मी त्या मॅटकडे बघत होते आणि माझ्या तोंडून एकदम ओरडा निघाला...

“सोड!”

मामी आजही म्हणते, की दोन आवाज आले. एक माझा.

तिची बोटं उघडली. एकदम नाही. एकेक करून, फार अवघड काम असल्यासारखी. ड्रेस मांडीवरून घसरला आणि मॅटवर पडला.

आणि मग आम्ही दोघींनी ऐकलं...

श्वास. आत ओढलेला. लांब, खरखरीत. गळ्यावरची पकड सुटली की माणूस घेतो तसा. अगदी जवळ, आमच्या गुडघ्यांच्या उंचीवर.

मी हलले नाही. मामी उठली. तिनं पायातल्या चपला मॅटच्या काठाशी काढल्या. वाकून त्यांची तोंडं दाराकडे केली. शेजारच्या मामाच्या चपलाही तशाच वळवल्या. मग जन्मात पहिल्यांदा ती मॅटवर चढली आणि पोरं सामना संपल्यावर वाकतात तशी वाकली. कंबर दुखत होती तिची, तरी नीट वाकली.

“जा,” म्हणाली. “मी बघते माझं.”

नंतर ती रडली. दवाखान्यातसुद्धा ती अशी रडली नव्हती. मी तिला धरून बसले. खाली पुन्हा पाइपचं पाणी ऐकू यायला लागलं.

त्या दिवसापासून आवाज नाही. मामी लेकीकडे राहायला गेली. जेवते. अंगावर जरा मांस चढलंय. फोनवर इकडचं तिकडचं झालं, की शेवटी विचारते, “येतो का गं आवाज?”

“नाही.”

“बरं झालं,” म्हणते. मग फोन ठेवते.

आता राहिलेलं सांगते. हे मामीला सांगितलेलं नाही.

जाताना ती म्हणाली होती, की ड्रेस एखाद्या गरजू पोराला देऊन टाक. आमच्याकडे एक मुलगा आहे, उंचीनं मामाएवढा. त्याला अगदी बसेल. देणार आहे मी. या आठवड्यात नक्की देणार आहे. सध्या तो माझ्या कपाटात आहे, त्या रविवारपासून धुतलेला नाही. मामीनं इतक्यांदा धुतला होता, तरी कॉलरला अजून मामाचा वास येतो. कधी दुकानातून दमून आले, की मी कपाट उघडते आणि जरा वेळ तो हातात धरते. जराच वेळ.

थाप वगैरे काही येत नाही. मी कान देऊन ऐकते ना. आली तर लगेच सोडीन.

फक्त एक गोष्ट मनातून जात नाही. पकड सुटल्यावर माणूस श्वास आत घेतो, आणि मग सोडतो. त्या रविवारी आत घेतलेला मी ऐकला.

सोडलेला अजून ऐकलेला नाही.