डिजिटल खोलीत काय दडलंय?

"मशीन बिघडली म्हणे! दोन महिने झाले, एकच रडगाणं!" अतिया फणफणली. "सरले मशीन चालू तरी करता येते काय?"

उन्हाळ्याची सुट्टी होती, पण निकिताला कसली सुट्टी! आठवीच्या गणितात ती नापास झाली होती. कळंबजवळच्या त्यांच्या शाळेत गणिताला शिक्षकच नव्हता. मुकुटबनच्या कोकिळाबाई डिजिटल खोलीतल्या मोठ्या पडद्यावरून शिकवायच्या. दोन्ही गावांच्या मुलांना पडद्यावरची पाटी एकच! निकिता इथून गणित मांडायची आणि चुकलं की तिकडची मुलं तिथूनच खोडून दाखवायची. नेमक्या परीक्षेच्या तोंडावर 'मशीन बिघडली' म्हणत सरांनी खोलीला कुलूप लावलं. आता जूनमध्ये फेरपरीक्षा. पुन्हा नापास झाली, तर अतिया आणि अरसलान नववीला कळंबला जाणार आणि ही एकटी आठवीत बसणार! घरच्या फोनला रेंज नव्हती. शाळेच्या वायफायचा पासवर्ड मुख्याध्यापक उत्तमसिंग सर कुणाला सांगत नसत, जणू त्यांच्या बापाची इस्टेट!

"सर आजकाल लय खाजवून राह्यले," अरसलान म्हणाला. तो मोटार मेकॅनिकचा मुलगा, त्याची नजर बारीक. "मान, दंड, पाठ! त्यायच्या घरी तर कापसाचं एक बोंड नाही. मंग कापसाची खाज आली कुठून?"

ती खाज गावात सगळ्यांनाच माहीत होती. भाव वाढेल म्हणून कापूस घराघरांत पडून होता आणि ऊन तापलं की त्यातले किडे अंगावर चढत.

"बापूजीच्या घरची खाज तर गेली," निकिता म्हणाली. "काकूनं सारा कापूस घराबाहेर काढाले लावला."

"बाहेर म्हंजे कुठं?"

बापूजी तर शाळा समितीचे अध्यक्ष, खोलीची किल्ली त्यांच्याकडेही होती!

तिघांनी शाळेकडे धूम ठोकली. डिजिटल खोलीच्या खिडक्यांना आतून 'उज्ज्वल भविष्य'ची पोस्टरं चिकटवलेली होती. अरसलाननं गजांतून हात घालून एक पोस्टर फाडलं.

"या अल्ला!"

बाकं दिसत नव्हती. छातीपर्यंत नुसता कापूस! भिंतीवरचा पडदा तेवढा कसाबसा वर डोकावत होता.

"चला, सांगू!" अतिया म्हणाली.

"कोणाले? चोरालेच?" निकिता म्हणाली. "सोमवारी शिक्षण खात्याचे यवतमाळचे मोठे साहेब बाईचा सुट्टीतला वर्ग ऑनलाइन पाहणार आहेत. तवा दाखवू!"

सोमवारी उत्तमसिंग सर इस्त्रीचा सदरा घालून व्हरांड्यात बसले. हातात फोन आणि मागे उद्घाटनाच्या दिवशीचा मोठा फोटो. फोटोत बाकांवर बसलेली मुलं!

"पाहा साहेब! सुट्टीतही मुलं शिकून राह्यली!" सर म्हणाले. एवढं खोटं बोलताना त्यांची जीभ जराही अडखळली नाही.

पडद्याचा रिमोट अतियाकडेच होता, ती वर्गाची मॉनिटर. सरांनी तो कधी मागितलाही नव्हता. तिनं खिडकीतून नेम धरून बटण दाबलं. आतला पडदा त्याच्यावरच्या कॅमेऱ्यासकट चालू झाला आणि नेहमीसारखा थेट बाईंच्या वर्गात जोडला गेला. साहेबांना आता दुसरंच चित्र दिसलं. कापसाचा ढीग आणि राखणीच्या नावाखाली त्यावर पंख्याखाली बनियनवर घोरणारे बापूजी!

"हे काय आहे?" साहेब ओरडले.

सरांनी घाईघाईनं आपल्या फोनवर हात ठेवला. चित्र दुसऱ्याच कॅमेऱ्यातून जातंय, एवढंही त्या शहाण्याला कळलं नाही!

"साहेब, ही आमची डिजिटल खोली!" निकिता गजांना तोंड लावून ओरडली. "मी निकिता. जूनमधी माही परीक्षा आहे, अन् मले बसाले जागा नाही!"

"संध्याकाळच्या आत खोली रिकामी झाली पाहिजे!" साहेब गरजले. "आणि मुलांनो, शाबास! आज खरी तपासणी तुम्हीच केलीत."

सर आणि बापूजी भर उन्हात गाठोडी वाहू लागले. मदतीला कुणीही हात लावला नाही. बाकं मोकळी होताच कोकिळाबाई पडद्यावरून म्हणाल्या, "निकिता, तुझ्या हिमतीचं कौतुक नंतर. आधी लिही!"

निकितानं पाटीवर पहिलंच गणित चुकवलं. मुकुटबनच्या पोरांनी ते लगेच खोडलं आणि तिनं हसत पुन्हा मांडलं.

जूनअखेर निकाल लागला. निकिता पास! सरांनी 'आमच्या डिजिटल शाळेचं यश' म्हणत गावभर पेढे वाटले, निर्लज्जपणे छाती फुगवून. तिघांनी पेढे खाल्ले, सरांकडे पाठ फिरवली आणि बाईंना फोन लावायला, रेंज मिळते त्या कळंबची बस पकडली.