कोरड्या टाकीची गाडी

मी सांगलीजवळ कुपवाडच्या एमआयडीसीत इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे. करंट कुठून येतो आणि कुठं जातो, हे सांगायचाच मला पगार मिळतो. रविवारी मोटरसायकल काढून एकट्यानं भटकायची सवय आहे. दोन वर्षांपूर्वी सागरेश्वरच्या घाटात बॅटरी बसली आणि पाच किलोमीटर गाडी ढकलावी लागली. तेव्हापासून मी बॅगेत जंप स्टार्टर बाळगतो. जेवणाच्या डब्याएवढी पेटी, दोन चिमटे, आणि चार्ज किती उरलाय ते दाखवणारा आकडा. बसलेल्या बॅटरीला चिमटे लावले की गाडी सेल्फवर उठते.

जानेवारीतल्या एका रविवारी मी चांदोलीला निघालो होतो. इस्लामपूर सोडल्यापासून पुढं उसाच्या ट्रॉल्या, मागं उसाच्या ट्रॉल्या. शिराळ्याच्या अलीकडं चहाला थांबलो, तर तिथं एका दूधवाल्याची गाडी उठेना. मी पेटी लावून दिली. त्याची गाडी चालू झाली, तो गेला. शेजारच्या बाकावरचे एक म्हातारे गृहस्थ हे सगळं बारकाईनं पाहत होते. ताठ पाठ, नीट कातरलेल्या मिशा. नाथाजी आबा, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी विचारलं, सहा वर्षं बंद असलेली गाडी यानं उठेल का?

मी म्हणालो, अवघड आहे. तरी ते सांगायला लागले. गाडी त्यांच्या मुलाची, शिवतेजची. तोही फौजेत होता. सहा वर्षांपूर्वी रजा संपवून गेला आणि आसामात पलटणीचा ट्रक दरीत कोसळला, त्यात तो गेला. त्याची बायको राजेश्वरी सासरीच राहिली. आता आबांनीच तिच्यासाठी इस्लामपूरचा एक शिक्षक पाहिला होता, पुढच्या रविवारी लग्न होतं. गाडी भंगारात द्यायची ठरली होती. त्याआधी एकदा तिचा आवाज ऐकावा, एवढंच त्यांच्या मनात होतं.

अशा माणसाला नाही म्हणवत नाही.

त्यांचं घर रस्त्यापासून जवळच होतं. समोर शेणानं सारवलेलं अंगण, कडेला गोठा, गोठ्याच्या टोकाला ताडपत्रीखाली गाडी. ऊन चांगलं तापलं होतं. आबांच्या मालकीण, रंगूबाई, उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. पाणी त्यांनी दिलं, पण माझ्या हातातली पेटी पाहून म्हणाल्या, "पाव्हणं, बंद हाय ती बंदच ऱ्हाऊ द्या."

आबा म्हणाले, "एकडाव ऐकू दे. मग भंगारवाले नेतीलच."

ताडपत्री काढली. दोन्ही टायर बसलेले. बॅटरी कधीच काढून ठेवलेली, तिच्या जागी वायरची दोन उघडी टोकं. टाकीचं झाकण उघडून मोबाइलचा टॉर्च मारला, आत फक्त गंज. पेट्रोलचा वासही नव्हता. मी आबांना समजावून सांगितलं की इंजिन काही चालू होणार नाही, पण लाइट लागेल, हॉर्न वाजेल. ते एवढ्यावरही खूश झाले आणि खिशातून किल्ली काढून दिली.

पेटीवरचा आकडा पाहिला, शहाण्णव. वायरच्या टोकांना चिमटे लावले, किल्ली फिरवली. मीटरमधला हिरवा दिवा लागला. हेडलाइट लागला. हॉर्न दाबला, तो घसा बसल्यासारखा वाजला. आबांनी डोळ्यांना उपरणं लावलं. आतून राजेश्वरी दारापर्यंत आली. भाकरी थापत असावी, हातांना पीठ होतं.

मी सेल्फच्या बटणाला हात लावला नव्हता. हे मी शपथेवर सांगतो. माझे दोन्ही हात पेटीवर होते.

इंजिन चालू झालं.

खडखड नाही, धूर नाही. रोज फिरणारी गाडी चालते तसं, एकसारखं. गोठ्यातली म्हैस दाव्याला ओढ देऊन मागं सरकली. मला पहिल्यांदा वाटलं, टाकीच्या तळाशी थोडं पेट्रोल राहिलं असेल. मी खाली वाकून पेट्रोलचा पाइप ओढून काढला. पाइप कोरडा होता, हातात त्याचा चुरा झाला. इंजिन चालूच.

मी चिमटे काढले. हिरवा दिवा गेला, हेडलाइट गेला. इंजिन चालूच.

किल्ली बंद करून बाहेर काढली. हिरवा दिवा गेला, हेडलाइट गेला. इंजिन चालूच.

सायलेन्सरला हात लावला. त्या उन्हात तो विहिरीच्या पाण्यासारखा गार होता.

मग ती गाडी रेस झाली. दोनदा. थोडं थांबून, पुन्हा दोनदा.

आबा माझ्याकडं न बघता म्हणाले, "आमच्या म्होरं बायकोला हाक मारायला लाजायचा. बाहेर जायचं असलं की असंच करायचा."

माझ्या डोळ्यांदेखत गाडीचे मागचे शॉकअप खाली दबले. आधी थोडे, मग पुरते, एखादा धट्टाकट्टा माणूस बसल्यावर दबतात तसे. डाव्या बाजूचं मागचं फूटरेस्ट आपोआप खाली पडलं.

राजेश्वरी पायरी उतरली. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, तेच मला सहन होईना. हाक आल्यावर माणूस हातातल्या कामावरून उठतं तशी ती चालत होती, पिठाचे हात पदराला पुसत. मी तिच्या आडवा झालो. तिनं मला नुसतं बाजूला केलं. हात मोडेल एवढा जोर होता.

"पोरी," आबा म्हणाले. तिनं वळून पाहिलं नाही.

तेवढ्यात रंगूबाई उंबऱ्यातून निघाल्या. सत्तरीची बाई, पण सुनेच्या आधी गाडीपाशी पोचली. मधे उभी राहिली आणि बसणाऱ्याच्या तोंडाकडं बघावं तसं सीटच्या वर बघत म्हणाली, "तिला न्हाई रं शिवा. तिचं लगीन हाय. मी येते."

आणि त्या मागं बसल्या. एका अंगाला, दोन्ही पाय त्या फूटरेस्टवर. उजवा हात त्यांनी पुढं करून ठेवला, खांद्याच्या उंचीवर.

हात खाली पडला नाही. अधांतरी टेकला होता. बोटांखाली काहीतरी होतं.

इंजिन थांबलं.

राजेश्वरी मटकन खाली बसली आणि रडायला लागली. आम्ही दोघांनी रंगूबाईंना उतरवलं. त्या ठणठणीत होत्या. भाकऱ्या करपतील म्हणाल्या आणि आत गेल्या. मी पेटी उचलली. आकडा पाहिला. शहाण्णव.

चांदोली राहिली. सांगलीपर्यंत मी कसा आलो, आठवत नाही. पेटी अजून बाळगतो, पण दुसऱ्याच्या गाडीला लावत नाही.

मार्चमध्ये धीर करून आबांना फोन केला. लग्न ठरल्या दिवशी झालं, राजेश्वरी सुखात आहे, म्हणाले. गाडी मी येऊन गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी भंगारवाल्याला दिली, त्यानं समोरच गॅसनं कापून तुकडे नेले. मी रंगूबाईंची तब्येत विचारली.

"बरी हाय," ते म्हणाले. "पर चपला काढंना झालीया. सैपाकघरात, देवापुढं, रातीला आंथरुणातबी पायातच. इचारलं तर म्हनते, हाक आली म्हंजी हुडकायला वेळ नको."