गिअरमध्ये खोचलेली काडी

ग्रंथपाल बाईंनी कॅसेट डेक रेडिओ-टेप दुरुस्तीच्या दुकानातल्या टेबलावर ठेवला तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. जुन्या चादरीत गुंडाळून, छातीशी धरून आणला होता. मेकॅनिकने चादर सोडली, प्लग लावला आणि बटण दाबलं. मोटर गुणगुणली. कॅसेटचा खण दोन सूत बाहेर आला, थरथरला आणि परत आत गेला.

“आत आईच्या आवाजाची कॅसेट आहे,” बाई म्हणाल्या. “तिला जाऊन सात वर्षं झाली. डेक तिच्या हयातीतच अडकला, पण ती कुणाला हात लावू द्यायची नाही. कॅसेट शाबूत निघेल ना?”

“फीत गुंतली नसेल तर निघेल. बसा.”

त्याचं काम चोख होतं. चार महिन्यांपूर्वी बायको गेली आणि पुढच्याच सोमवारी त्याने दुकान उघडलं. “दादा, एकदा रडून मोकळा हो,” असं बहीण म्हणाली. त्याने गिऱ्हाइकाला म्हणावं तसं “हो” म्हटलं आणि ते तिथेच राहिलं. दुखत काहीच नव्हतं. भूल दिलेल्या दाढेवरून जीभ फिरवावी तसं सगळं जागच्या जागी होतं, फक्त आपलं वाटत नव्हतं.

त्याने झाकण काढलं. रबरी पट्टा वितळून डांबरासारखा चिकटला होता. स्पिरिट आणि कापसाने तो पुसून काढेपर्यंत बोटं काळी झाली. नवा पट्टा चढवला, तरी खण हलेना. मग त्याने टॉर्च आत धरला.

मोठ्या गिअरच्या दोन दातांमध्ये काडेपेटीची काडी होती. गूल काढून टाकलेली, बरोबर मापात तोडलेली आणि दोन्ही बाजूंनी डिंक लावून पक्की केलेली.

“ही आपोआप पडलेली नाही,” तो म्हणाला. “मुद्दाम बसवलीय कुणीतरी.”

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवून पाहिलं. “खिडकी वाजायला लागली की आई अशीच काडी खोचायची,” त्या म्हणाल्या. मग पुन्हा आत वाकून पाहत, “पण डिंक कशाला लावला असेल?”

मेकॅनिकने टॉर्च तोंडात धरला. त्याने ब्लेडने डिंक खरवडला आणि चिमट्याने काडी ओढून काढली. बटण दाबताच खण लोण्यातून सुरी यावी तसा बाहेर आला. कॅसेटवर नाव नव्हतं. फीत धड होती. त्याने दुकानातला स्पीकर जोडला, कॅसेट परत आत सारली आणि सुरू केली.

आधी नुसती खरखर. मग एक खोली ऐकू येऊ लागली. नळाचं पाणी. एकावर एक ठेवल्या जाणाऱ्या ताटल्या. खुर्ची सरकल्याचा आवाज.

“अहो, दार लोटून घ्या. वारा येतोय.”

‘घ्या’वर जराशी ओढ, किंचित नाकातून. चोवीस वर्षं ऐकलेला आवाज होता तो. पण त्याची बायको तर या बाईंना ओळखतही नव्हती, मग त्यांच्या कॅसेटवर ती कशी? आत काहीतरी उसळेल म्हणून तो थांबला. काहीच उसळलं नाही. त्याने बाईंकडे पाहिलं. त्यांनी रुमाल तोंडाशी धरला होता.

“आईच! ‘केस विंचरलेस का गं’ म्हणाली. ऐकलंत?”

“ऐकलं,” तो म्हणाला.

त्याने फीत मागे घेऊन पुन्हा लावली. बाईंना पुन्हा केसांचंच ऐकू आलं, त्याला वाऱ्याचं.

“वाऱ्याबद्दल काही म्हणतात का त्या?” त्याने जपून विचारलं.

“वारा? नाही हो.”

तेवढ्यात शेजारचा शिंपी दारात आला. गळ्यात टेप, कानावर पेन्सिल. “भाऊ, जरा पेचकस द्या. मशीनचा पाय डुगडुगतो...” तो थबकला आणि मोठ्याने हसला. “अरेच्चा! आमच्या मालकीणबाई तुमच्या डब्यात कशा शिरल्या?”

“ती माझी आई आहे,” बाई म्हणाल्या.

“बाई, माझी बायको आहे ती. पंधरा वर्षं बोलणी खातोय मी तिची. ‘किल्ली नेलीत का’ म्हणतेय, ऐका! भाऊ, कधी टेप केलंत हे?”

बाईंची आई गेलेली, त्याची बायकोही गेलेली. मेकॅनिकने शिंप्याकडे नीट पाहिलं. “वहिनी कुठे आहेत आत्ता?”

“घरी. मी निघालो तेव्हा भांडी घासत होती.”

डेकमध्ये ताटल्या वाजत होत्या.

“फोन लावा घरी.”

“का हो?”

“लावा.”

शिंप्याने हसत हसत फोन लावला. त्याच्या कानाशी रिंग वाजू लागली, बारीक.

मग डेकमधल्या खोलीतही फोन वाजू लागला.

ताटल्या थांबल्या.

दोन्ही रिंग अगदी बरोबरीने वाजत होत्या. चार. पाच. सहा. शिंप्याचं हसू तोंडावर तसंच राहिलं होतं, उतरवायला विसरल्यासारखं. बाईंनी मेकॅनिकचं मनगट धरलं. त्याचं बोट थांबवायच्या बटणावर होतं. ते दाबायचं की नाही, हे त्याला ठरवता येईना.

शिंपी फोन तिथेच टेबलावर टाकून धावत सुटला.

नळ अजून वाहत होता. फोन वाजून वाजून बंद पडला, इथलाही आणि तिथलाही. कुणी उचलला नाही. शिंपी अजून गल्लीच्या टोकालाही पोचला नसेल.

मग डेकमधल्या खोलीत कुणीतरी शांतपणे नळ बंद केला.