तीस टक्के प्रोग्रामिंग

झेरॉक्सच्या मशीनवर आमचे कागद एकमेकांत मिसळले. माझा एकच होता, त्याचे चाळीसेक. तो आपला गठ्ठा उचलून जिना चढून गेला आणि दोन मिनिटांत धापा टाकत परत आला.

"हा तुझा...? शाखा बदलायचा अर्ज?"

"हो. वाचलात वाटतं सगळा!"

"शेवटची तारीख तेवढी वाचली. शुक्रवार." जरा थांबून म्हणाला, "आणि अहो-जाहो कशाला? मी तिसऱ्या वर्षाला आहे, सर नाही."

त्याला सगळे 'टक्केवारी' म्हणायचे. कम्प्युटर सायन्सच्या डिग्रीत प्रोग्रामिंग किती, असं कुणी विचारलं की आकडा तयार. पहिल्या वर्षी तीस टक्के, दुसऱ्या वर्षी पंचेचाळीस, शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट धरून साठ. उरलेलं बरंचसं गणित. वेळापत्रकं समोर मांडून त्यानं ते मोजलं होतं म्हणे. ज्याची त्याची हौस!

मला ते तीस टक्केही जड जात होते. "मुलगी कम्प्युटरला आहे," असं बाबांनी बिल्डिंगभर सांगून ठेवलेलं, आणि इथे महिनाभरात माझा एकही प्रोग्राम धड चालला नव्हता. गणिताच्या तासाला मात्र सरांनी फळा पुसूच नये असं वाटायचं. गणित विभागात एक जागा रिकामी होती. जावं की राहावं, ते काही ठरेना. म्हणून त्यालाच हे सगळं सांगून विचारलं.

त्यानं चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला. "आधी तुझा प्रोग्राम तर बघू."

बुधवारी लॅबमध्ये बघितला, गुरुवारीही बघितला. तो शेजारी खुर्ची ओढून बसायचा, बोट स्क्रीनपासून वीतभर लांब धरून म्हणायचा, "ही ओळ... परत वाच बरं." त्याच्या बाहीला मार्करच्या शाईचा वास यायचा. गुरुवारी दुपारी प्रोग्राम चालला. दहा आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत शहाण्यासारखे ओळीत उभे राहिले. मी हरखून त्याच्याकडे वळले, तर तो स्क्रीनकडे बघतच नव्हता. तो मला आवडायला लागला होता. उगाच खोटं कशाला बोलू?

"आता सांग. राहू का जाऊ?"

"मला नाही सांगता येणार."

"अख्ख्या कॉलेजला आकडे वाटत फिरतोस, आणि माझ्या वेळीच मिठाची गुळणी धरलीस?"

"माझं उत्तर चुकीचं येईल म्हणून."

"ते का?"

"कारण... तू जाऊ नयेस असं मला वाटतं." त्याचे कान लाल झाले होते. "आणि ते काही प्रोग्रामिंगसाठी नाही. तेव्हा माझं ऐकूच नकोस."

मी बॅग उचलली आणि घरी आले.

सकाळी चहा घेताना माझं मलाच उमगलं. प्रोग्राम चालला तेव्हाचा आनंद तो शेजारी होता म्हणून होता. गणित मी एकटी सोडवत बसले तरी मजेत असते. आईला सांगितलं. ती म्हणाली, "बाबांचं मी बघते. तू डबा विसरू नकोस."

कॉलेजच्या ऑफिसात अर्ज खिडकीतून आत दिला, त्यावर शिक्का बसला. मग लॅबच्या दारात गेले. तो बाहेर आला.

"दिला अर्ज. सोमवारपासून गणितात."

"बरं केलंस," तो म्हणाला. चेहरा मात्र पार उतरला होता.

"आता तुझं उत्तर चुकायचं काही कारण उरलं नाही. खरं सांग, बरोबर केलं ना मी?"

"बरोबरच केलंस. फळ्याबद्दल बोलतेस तेव्हा तुझा आवाज बदलतो." तो जमिनीकडे बघत राहिला. "पण कारण उरलं नाही असं नको म्हणूस... ते आहे तसंच आहे."

"माझंही," मी म्हटलं. "सोमवारी शेवटचा तास चारला सुटतो. समोरची इमारत, दुसरा मजला. घ्यायला ये."