कपाटाच्या दारामागची यादी

तो पहिल्यांदा आला, तेव्हा आपली वजनं आधीच्या दुकानात विसरून आला होता. वजनकाटे तपासणाऱ्याने वजनं विसरणं म्हणजे न्हाव्याने वस्तरा विसरण्यासारखं. पण चेहऱ्यावर लाज म्हणून नव्हती.

"तुम्ही जरा काट्यावर उभ्या राहता का?" त्याने पार्सल कचेरीच्या खिडकीतल्या मुलीला विचारलं.

"मी?"

"त्या मोठ्या काट्यावर. चारही कोपऱ्यांत एकेकदा. आकडा किती येतो याच्याशी मला देणंघेणं नाही. चारही ठिकाणी सारखा येतो का, एवढंच बघायचं."

ती गेली... आणि आकड्यांकडे पाठ करून उभी राहिली. दहा वर्षांची सवय.

"तोंड इकडे केलं तरी चालतं हो."

"मला नाही चालत."

दुसऱ्या कुणीही 'का' म्हणून विचारलं असतं. याने डोक्यावरची टोपी काढली आणि आकड्यांवर अशी आडवी धरली, की त्याच्याखेरीज कुणाला काही दिसू नये. कुणी नव्हतंच तिथे. तरी धरली.

"झालं. चारही कोपऱ्यांत सारखाच."

"मग पास?"

"काटा पास. तुमचं... अजून तपासावं लागेल."

अशा वाक्यावर माणसाने खिडकी लावून घ्यावी. हिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या, आणि दुपारचं अर्धं सँडविच डब्यातून तसंच घरी परत गेलं.

घोटाळा तिथूनच सुरू झाला. कारण तिच्या घरात अर्धं सँडविच ही साधीसुधी गोष्ट नव्हती.

पंधराव्या वर्षी तिने जेवण सोडलं होतं. रुसून नव्हे, तो आजारच होता आणि तिला पार वाळवून गेला होता. डॉक्टरीणबाईंनी सगळ्या घरालाच समोर बसवून सांगितलं, "चूक कुणाची, ते शोधू नका. जेवण हेच औषध. काय आणि किती वाढायचं, ते आईवडील ठरवतील. आणि हिचं ताट संपेपर्यंत कुणी उठायचं नाही."

मग आईने बिनपगारी रजा टाकली. घरातले चमचे कुठे असतात हे ज्यांना ठाऊक नव्हतं, ते बाबा दिवसातून तीनदा तिच्यासमोर बसायला लागले. एकदा तिने ताट भिरकावलं. त्यांनी फरशी पुसली, दुसरं वाढून आणलं आणि शब्दकोडं पुढे चालू ठेवलं. धाकटीकडे काम एकच होतं : जेवताना गप्पा मारायच्या. ती तेव्हा अकरा वर्षांची होती. अजून थांबलेली नाही.

दीड वर्षाने ताट पुन्हा तिच्या ताब्यात आलं. आता तर ती आपलं आपण वाढून घ्यायला लागूनही कित्येक वर्षं झाली होती. पण तिचा शेवटचा घास झाल्याशिवाय घरात अजूनही कुणी उठत नसे. पाहुण्यांना वाटे, काय हे वळण! आणि निरोपाच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी दिलेली एक यादी कपाटाच्या दारामागे चिकटवलेली होती. मथळा : 'आजार परत येत असल्याच्या खुणा.'

वर्षातून एकदा तपासायचा काटा त्या महिन्यात चारदा तपासला गेला.

"आज काय बिघडलंय?" ती विचारी.

"काट्याचं काही नाही. दमट हवा आहे. लक्ष ठेवलेलं बरं." मग तो खिडकीच्या कठड्यावर बोटं टेकून म्हणे, "समोरच्या खाणावळीत येता का? दोन घास खाऊ."

"आज... डबा आहे."

पुढच्या वेळी डोकेदुखी होती. त्याच्या पुढच्या वेळी टपाल फार होतं, म्हणजे एकूण तीन पाकिटं.

घरी ताटात रोज थोडं मागे राहायला लागलं. आई ताटाकडे न बघता ताट बघायची. दहा वर्षांत तिने ती कला कमावली होती. एका संध्याकाळी बाबा शब्दकोडं घेऊन समोर येऊन बसले. अगदी पूर्वीसारखे.

"ताई, इकडे ये," धाकटीने कपाटाचं दार उघडलं. हातात पेन्सिल होती. "भूक कमी?"

"...हो."

"एकटं एकटं राहणं? काल गच्चीवर तासभर होतीस. विनाकारण चिडचिड? मला परवा 'टकळी' म्हणालीस."

"ते विनाकारण नव्हतं."

"आरशासमोर जास्त वेळ? बाई गं! चारचौघांत जेवण टाळणं?"

खाणावळ आठवली. तीन वेळा.

"पाचपैकी पाच," धाकटीचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला. "ताई... ते परत आलंय का गं?"

आणि हाच तर घोळ होता. तिचं तिलाच कळत नव्हतं. पोटात काहीतरी फडफडायचं, घास घशाशी फिरायचा, रात्री डोळ्याला डोळा नाही. या वयात मुलींना याचं नाव विचारावं लागत नाही म्हणे. पण तिच्याकडे याला आधीच एक नाव होतं, आणि त्या नावाने एकदा तिला जवळजवळ संपवलं होतं. तो समोर आला की बरं वाटायचं. बरं वाटलं की जेवण जायचं नाही. मग हे बरं होतं, की...?

डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या निवांतपणे म्हणाल्या, "यादीवरून मला ओळखता येणार नाही. तू जेवून बघ. जेवता आलं नाही, तर उद्याच ये. भेट राखून ठेवते."

पाचव्या तपासणीला तीच म्हणाली, "खाणावळीत जाऊ."

त्याची टोपी हातातून पडली.

सूप, ब्रेड, उकडलेलं अंडं. त्याचं पाच मिनिटांत आटोपलं. ती वाटीत चमचा फिरवत बसली. निम्म्यावर आली आणि हात थांबला. त्याने ते बघितलं, आणि जगातल्या सगळ्या सभ्य माणसांसारखा मायेने म्हणाला, "नको असेल तर राहू दे. जबरदस्ती नाही."

"असं म्हणू नकोस."

दोघेही दचकले. 'तुम्ही' कुठे गळून पडलं, ते कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

मग तिने सांगितलं. पंधरावं वर्ष, भिरकावलेलं ताट, फरशी पुसणारे बाबा, आकड्यांकडे केलेली पाठ. "...आणि आता तू आलास की मला भूक लागत नाही. तू चांगला आहेस की वाईट, हेच मला कळेनासं झालंय."

त्याने टोपी टेबलावर ठेवली. "अशा वेळी चांगलं काय बोलायचं असतं, ते मला येत नाही. मी काय करू?"

"उठू नकोस. बस एवढंच."

त्याचा फोन वाजला. पुढच्या दुकानाचा असणार. "हो, उशीर होईल," तो म्हणाला. "नाही, काटा ठीक आहे. मी जेवायला बसलोय." त्याची बशी केव्हाच रिकामी होती.

सूप गार झालं होतं. ती प्यायली. अंडं, ब्रेड, शेवटचा तुकडा. पाऊण तास लागला. तो दमट हवेचा काट्यावर काय परिणाम होतो ते सांगत राहिला. विषय इतका रटाळ होता की धाकटीची आठवण यावी. फडफड थांबली नाही. पण घास खाली उतरत होते. दोन्ही एका वेळी होऊ शकतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

संध्याकाळी ताटं वाढली गेली. बाबा शब्दकोडं घेऊन समोर.

"एकजण आहे," ती ताटाकडे बघत म्हणाली.

आईचा हात हवेत थांबला. "म्हणजे हे... ते नाही?"

"नक्की माहीत नाही. दोन्हींत थोडं थोडं सारखं आहे."

"करतो काय?" बाबांनी विचारलं.

"वजनकाटे तपासतो."

आईने बाबांकडे बघितलं, बाबांनी आईकडे. जगात सुतार होते, शिक्षक होते, दंतवैद्य होते...

"आकडा दाखवतो का तुला?" शेवटी आई म्हणाली.

"टोपीने झाकतो."

बाबांनी पेन खाली ठेवलं. चष्मा पुसला, बराच वेळ. "आणि जेवताना? आधी उठतो?"

"आज पाऊण तास बसला."

"हं," बाबा उठले, बाहेरच्या खोलीतली खुर्ची उचलून आणली आणि टेबलाला लावली. "रविवारी बोलाव. सांग, लवकर आटोपायची घाई असेल तर येऊ नकोस."

"बाबा, तुम्ही उठलात!" धाकटी ओरडली. "ताईचं ताट संपायच्या आधी!"

सगळे तिच्या ताटाकडे बघायला लागले. उघड उघड. तिने पातेलं पुढे ओढलं आणि स्वतःला आणखी एक डाव वाढून घेतला.

"बसा आता," ती म्हणाली. "माझं व्हायचंय."